प्लास्टिकची माणसं

गेल्या रविवारी माळा आवरायला काढला. (बायकोच्या मते तो दिवाळीआधीच आवरायला हवा होता. असो.) जुन्या वायरी, दोन बंद पडलेले मोडेम, कुणाच्या तरी मुंजीची व्हिडिओ कॅसेट आणि बुटाच्या एका खोक्यात साठ-सत्तर सीडी. त्या खोक्याच्या अगदी तळाशी ती सापडली. 'ही कुठली?' असं मुलीने विचारलं आणि मी सांगायला बसलो, तर माळा तसाच राहिला. त्या दिवशी जे तिला नीट सांगता आलं नाही ते इथे लिहून काढतोय.

२००६ साली मी कंपनीच्या कामासाठी सहा महिने प्रागला होतो. हिवाळ्याचे दिवस, चार वाजता अंधार, शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल वगैरे सगळं तेव्हा लिहून झालेलंच आहे. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीचे गृहस्थ बसायचे. कमी बोलायचे. मी गाणी ऐकतो, एके काळी कॉलेजात थोडंफार वाजवायचो, हे त्यांना कळलं तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी एक सीडी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "आमच्याकडचा सगळ्यात प्रसिद्ध बँड. ऐकवत नाही. पण घरात असावा." आपल्याकडे विश्वकोशाचे खंड असतात तसं काहीतरी असावं, असं मी समजलो.

रात्री ऐकली आणि दुसऱ्या गाण्याला बंद केली. बेस गिटारची एकच एक जाडजूड ओळ पुन्हा पुन्हा, तिच्यावर व्हायोला अशी की दाराची बिजागरी कुरकुरतेय, मध्येच सॅक्सोफोन किंचाळतोय आणि एक माणूस घोगऱ्या आवाजात, चाल अशी फारशी न लावता, काहीतरी बडबडतोय. ध्वनिमुद्रण असं की पत्र्याच्या डब्यातून ऐकू यावं. भाषा कळत नव्हती ती वेगळीच गोष्ट. पण आठवडाभराने पुन्हा लावली, मग पुन्हा, आणि प्राग सोडेपर्यंत ती बेसची ओळ ट्रॅममध्येसुद्धा डोक्यात वाजायला लागली होती.

बँडचं नाव 'द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'.

ज्यांना हे नाव ऐकून ठाऊक आहे त्यांना ते बहुधा वात्स्लाव हावेलमुळे ठाऊक असतं. गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते : कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात एका रॉक बँडला अटक झाली, त्यामुळे हावेल आणि मंडळी एकत्र आली, त्यातून 'चार्टर ७७' निघालं, आणि त्यातून १९८९ ची मखमली क्रांती. यात खोटं काही नाही. पण यात बँड फक्त प्रस्तावनेपुरता उरतो. नाटकाची घंटा वाजवणारा माणूस जसा, घंटा वाजवली आणि विंगेत गेला. मला मात्र त्या घंटा वाजवणाऱ्यांविषयीच कुतूहल होतं. ही माणसं कोण होती, एकत्र कशी आली, आणि नक्की कशासाठी हटून बसली?

२१ ऑगस्ट १९६८ ला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. त्यानंतर काही आठवड्यांतच, त्याच शरदात, मिलान ह्लावसा नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने बँड काढला. व्यवसायाने शिकलेला खाटीक. प्रागच्या ब्रझेव्हनॉव भागातला. बरोबर गिटारवर यिर्झी श्तेविच, गायला आणि क्लॅरिनेटला मिखाल येर्नेक, ड्रमवर योसेफ ब्राबेत्स. नाव घेतलं अमेरिकेच्या फ्रँक झापाच्या एका गाण्यावरून. वाजवायचे झापाची, 'व्हेलव्हेट अंडरग्राउंड'ची आणि 'फग्ज'ची गाणी. चेहरे रंगवायचे, स्टेजवर खरोखरची आग लावायचे. रणगाड्यांशी याचा काही संबंध? ह्लावसा पुढे आयुष्यभर सांगत राहिला की काही नाही, आम्हाला वाजवायचं होतं. माझा त्याच्यावर विश्वास आहे. सतराव्या वर्षी माणूस बँड काढतो तो बँड काढायचा असतो म्हणून.

दुसरा माणूस इवान यिरोउस. हा बँडमध्ये काहीच वाजवत नसे. शिक्षणाने कला-इतिहासकार, ह्लावसापेक्षा सात वर्षांनी मोठा, दाढी-केस वाढलेले, पिण्यात पट्टीचा. त्याला सगळे 'मागोर' म्हणत, म्हणजे आपल्याकडे 'येडा' म्हणतात तसं, प्रेमानेच. आधी तो 'प्रिमिटिव्हज ग्रुप' नावाच्या दुसऱ्या एका बँडचा कलादिग्दर्शक होता. तो बँड बंद पडला तेव्हा यिरोउस प्लास्टिकवाल्यांकडे आला आणि येताना तिथला गिटारवाला योसेफ यानीचेकही आला. सांगतात की यानीचेक हाताने इतका कसबी होता की जुन्या रेडिओंचे भाग काढून बँडसाठी अँप्लिफायर बनवायचा. ते पुढे फार उपयोगी पडलं. यिर्झी काबेश व्हायोला घेऊन आला, आणि ती माझ्या डोक्यात बसलेली बिजागरी त्याचीच.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं नुसतं शौर्यकथेसारखं वाटेल. त्या देशात वाजवायचं तर परवाना लागे. सरकारी समितीपुढे परीक्षा द्यायची, त्यांनी 'व्यावसायिक' ठरवलं की वाद्यं, तालमीची जागा, कार्यक्रमाचे पैसे सगळं सरकारमार्फत. रणगाडे आल्यानंतरच्या काळाला त्यांच्याकडे 'नॉर्मलायझेशन' म्हणतात, किती सोज्वळ शब्द आहे पाहा. तर त्या काळात सगळ्यांच्या परीक्षा पुन्हा घेतल्या गेल्या. तुम्ही सरकारची स्तुती करा असं कुणी म्हणत नव्हतं! केस कापा, इंग्रजी नाव बदला, ती भेसूर गाणी सोडून जरा बरं काहीतरी वाजवा, एवढंच. कितीतरी बँडनी ते केलं आणि त्यांचं चालू राहिलं. त्यात बेइमानी केली असं आज म्हणवत नाही, पोटं होती त्यांना. प्लास्टिकवाल्यांनी केलं नाही. १९७० मध्ये परवाना गेला, आणि परवान्याबरोबर सरकारी वाद्यं आणि तालमीची जागाही गेली. यानीचेकचे घरगुती अँप्लिफायर कामाला आले ते यानंतर.

त्याच सुमारास बँडला एक गायक मिळाला तो चक्क कॅनडाचा. पॉल विल्सन १९६७ पासून तिथे इंग्रजी शिकवत होता. यिरोउसला वाटलं, इंग्रजी गाणी म्हणायची तर शब्द तरी नीट म्हणावेत. म्हणून आधी मास्तर म्हणून बोलावलं आणि मग मास्तरच गायला लागले :-) १९७० ते १९७२ तो बँडमध्ये होता.

आणि मग आला व्रातिस्लाव ब्राबेनेत्स. माझ्या मते बँड खऱ्या अर्थाने तयार झाला तो इथे. वय ह्लावसापेक्षा आठेक वर्षांनी जास्त, कामाने माळी, जाझमधून आलेला सॅक्सोफोनवाला. त्याने येतानाच अट घातली की दुसऱ्यांची गाणी बंद, स्वतःची वाजवायची, आणि चेक भाषेत. गंमत पाहा, सरकार परीक्षा घेऊन जे करायला लावत होतं (इंग्रजी सोडा), तेच एका माळ्याने सांगितल्यावर यांनी एका दमात केलं. पण आता शब्द कुठून आणायचे? ते एगोन बोंडीकडून आले. हे टोपणनाव, खरं नाव झ्बिन्येक फिशर, १९३० सालचा जन्म. ज्याचं काहीही छापून येणं शक्य नव्हतं असा कवी, टाइपरायटरवर कार्बन घालून मित्रांत वाटला जाणारा. साठच्या दशकात आपल्याकडे जी लघुनियतकालिकं सायक्लोस्टाइल करून निघत, त्यांतल्या कवितांचा जो वाह्यात, उघडावाघडा सूर, तो ज्यांना आठवतो त्यांना बोंडी परका वाटणार नाही. बियर, संडास, मलावरोध, शेजारी, कंटाळा. पुढे न्यायालयात याच शब्दांवर बोट ठेवलं गेलं.

माझ्याकडची सीडी याच काळातली. १९७४-७५ मध्ये हाउस्का नावाच्या किल्ल्यात ही गाणी मुद्रित झाली. किल्ला कसा मिळाला? तर बँडचा मित्र स्वातोप्लुक कारासेक तिथे देखभालीच्या नोकरीवर होता. हा मूळचा प्रॉटेस्टंट पाद्री, स्वतःही गिटार घेऊन गाणी म्हणायचा. अल्बमचं नाव बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची थट्टा करणारं, बोंडीच्या नावाने काढलेला एक 'बंदी घातलेला' क्लब. टेप चोरून देशाबाहेर गेली आणि १९७८ मध्ये फ्रान्समध्ये रेकॉर्ड निघाली. पत्र्याच्या डब्यासारखा आवाज का, याचं उत्तर मला असं मिळालं.

परवाना नसताना कार्यक्रम कसे करायचे? लग्नं करून. थट्टा नाही, कुणा मित्राचं लग्न असलं की खाजगी समारंभ म्हणून खेड्यातली खाणावळ घ्यायची आणि तिथे वाजवायचं. ठिकाण तोंडोतोंडी, शेवटच्या क्षणी कळायचं. प्रागहून आगगाडीने कुठल्यातरी आडगावी उतरायचं आणि पुढे बर्फातून, शेतांतून चालत जायचं. केसाळ पोरांची रांग. हे वाचताना मला राहून राहून पायी वारीची आठवण येते, पण ती उपमा फार ताणत नाही, कारण वारीला पोलीस बंदोबस्त देतात.

३० मार्च १९७४ ला चेस्के बुद्येयोवित्से शहराजवळच्या रुदोल्फोव गावी असाच कार्यक्रम होता. प्लास्टिकवाल्यांना वाजवायला मिळालंच नाही. पोलीस कुत्री घेऊन आले, जमलेल्या शेकडो पोरांना स्टेशनकडे हाकलत नेलं आणि तिथल्या बोगद्यात दोन्ही बाजूंनी उभं राहून दंडुक्यांनी झोडपलं. मग आगगाडीत कोंबून परत पाठवलं. कित्येकांना शाळा-कॉलेजांतून काढून टाकलं. म्हणजे ऐकायला गेलेल्या आणि काहीही न ऐकता परत आलेल्या पोरांची आयुष्यं बदलली. त्यांची नावं कुठल्याही प्रस्तावनेत येत नाहीत.

यिरोउसने यावर जे म्हटलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सरकारी संस्कृतीशी भांडत बसायचं नाही, तिच्याकडे काही मागायचंही नाही. आपली 'दुसरी संस्कृती' आपण तिच्या शेजारी उभी करायची, तिला तिचं बघू द्यायचं. १९७५ मध्ये त्याने यावर एक मोठा निबंध लिहिला, अर्थात टाइप करून वाटलेला. आणि १९७४ च्या सप्टेंबरात पोस्तुपित्से गावी 'दुसऱ्या संस्कृतीचा' पहिला उत्सव झाला. दुसरा २१ फेब्रुवारी १९७६ ला, बोयानोवित्से गावी. या वेळचं लग्न खुद्द यिरोउसचं.

नवरदेवाला महिन्याभरात अटक झाली. त्याच्याबरोबर बँडचे बाकीचे आणि आसपासचे मित्र. घरांच्या झडत्या झाल्या, टेपा, वाद्यं, कागद जप्त झाले, शंभरावर लोकांच्या जबान्या घेतल्या गेल्या.

त्या अटकेच्या थोडंच आधी यिरोउस हावेलला भेटला होता. हावेल तेव्हा नावाजलेला पण बंदी असलेला नाटककार, चाळिशीला आलेला, नीटनेटका, चांगल्या घरचा. या केसाळ मंडळींबद्दल त्याने बरंवाईट ऐकलं होतं, आणि त्यांच्या मते हावेल म्हणजे जुन्या जमान्यातला सभ्य विरोधक. यिरोउसने एका खडखडणाऱ्या टेपरेकॉर्डरवर त्याला गाणी ऐकवली. हावेलने पुढे सांगितलंय की त्यात त्याला काहीतरी अस्वस्थ करणारं, खरं असं जाणवलं, आणि मग दोघं रात्रभर बोलत बसले. दोनेक आठवड्यांनी होणाऱ्या कार्यक्रमाचं आमंत्रण ठरलं. तो कार्यक्रम झालाच नाही, कारण त्याआधी पोलीस आले.

खटला सप्टेंबर १९७६ मध्ये प्रागला चालला. शेवटी चौघांना शिक्षा झाली. यिरोउसला अठरा महिने, पावेल झायीचेकला बारा (हा 'डीजी ३०७' या जोडबँडचा), कारासेक आणि ब्राबेनेत्सला प्रत्येकी आठ. आरोप राजकीय नव्हताच, सार्वजनिक ठिकाणी दंगामस्ती आणि अश्लीलता असा होता. नीट पाहिलंत तर चौघांपैकी प्लास्टिकमध्ये प्रत्यक्ष वाजवणारा एकटा ब्राबेनेत्स. एक काहीच न वाजवणारा, एक पाद्री, एक दुसऱ्या बँडचा. ज्याने बँड काढला तो ह्लावसा सुटला. सरकारला बँड नको होता त्याहून जास्त ते लग्नाला जमणारं गणगोत नको होतं, असं मला यावरून वाटतं.

हावेलने त्या खटल्यावर लिहिलेल्या लेखाचा शेवट मी विसरू शकत नाही. कोर्टातून बाहेर पडल्यावर त्याला ओळखीचा एक सिनेदिग्दर्शक भेटतो. कुठून आलास, असं विचारतो. हावेल सांगतो, खटल्याहून. तो विचारतो, ते अमली पदार्थांचं प्रकरण का? हावेल त्याला समजावतो की नाही, तसं काही नाही, हे हे घडलं. तो मान डोलावतो आणि म्हणतो, बरं, आणि बाकी काय? ... हे 'बाकी काय' आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलेलं आहे.

इथे घरच्या मंडळींसाठी एक टीप. सप्टेंबर १९७६ म्हणजे आपल्याकडे आणीबाणी चालू होती. मोठेकाका तेव्हा येरवड्याला 'मिसा'खाली होते आणि गल्लीतले लोक आजीला अगदी हेच विचारत, 'बरं, आणि बाकी काय?' प्रागची गोष्ट सांगताना मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती जरा सावरून बसली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १ जानेवारी १९७७ ची तारीख घातलेली सनद, 'चार्टर ७७'. पहिले प्रवक्ते तिघं : हावेल, माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक आणि तत्त्वज्ञ यान पातोच्का. रॉक संगीताशी काडीचा संबंध नसलेला एकोणसत्तर वर्षांचा पातोच्का त्या पोरांच्या बाजूने लिहायला उभा राहिला आणि लांबलचक पोलीस चौकशांनंतर मार्च १९७७ मध्ये गेला. हावेलचा १९७८ चा 'सत्ताहीनांची सत्ता' हा निबंध भाजीवाल्याच्या उदाहरणामुळे सगळीकडे गाजला, तो दुकानात 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा' ही पाटी लावणारा भाजीवाला. त्याच निबंधात प्लास्टिकवाल्यांच्या खटल्याचंही विवेचन आहे, ते मात्र फारसं कुणी उद्धृत करत नाही. भाजीवाला अधिक सोयीचा आहे ना.

बँडचं काय झालं? पॉल विल्सनला १९७७ मध्ये देशाबाहेर काढलं. कॅनडात जाऊन त्याने यांच्या रेकॉर्डी काढायला सुरुवात केली आणि पुढे हावेल आणि श्क्वोरेत्स्कीचा मोठा इंग्रजी अनुवादक झाला. इंग्रजी उच्चार शिकवायला आलेल्या मास्तरांनी बोंडीची भाषा जगाला शिकवली म्हणायची. ब्राबेनेत्स सुटून आला आणि त्याने येशूच्या शेवटच्या दिवसांवर एक मोठी संगीतरचना उभी करायला घेतली. ती १९७८ मध्ये हावेलच्या ह्रादेचेकच्या खेड्यातल्या घरी, धान्याच्या कोठारात मुद्रित झाली. पोलीस रस्त्यावर आणि बँड कोठारात. माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात चांगलं काम, बोंडीच्या सीडीपेक्षाही. (सहमत नसाल तर खाली भांडायला जागा आहे.)

मग सरकारने नवी युक्ती काढली. तिचं गुप्त नाव होतं 'असानात्से', म्हणजे साफसफाई. त्रास देऊन देऊन माणसाला इतकं हैराण करायचं की तो आपणहून देश सोडेल. ब्राबेनेत्स १९८२ मध्ये कॅनडाला गेला. कारासेक त्याआधीच स्वित्झर्लंडला गेला होता. यिरोउस गेला नाही. तो तुरुंगात आत-बाहेर करत राहिला, एकूण आठेक वर्षं, आणि आत असतानाच त्याने आपल्या सर्वोत्तम कविता केल्या.

आता मला ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो भाग.

१९८७-८८ च्या सुमारास हवा बदलत होती. मॉस्कोत गोर्बाचोव होता. प्लास्टिकवाल्यांना सुचवण्यात आलं की तुम्हाला जाहीरपणे वाजवता येईल, फक्त ते नाव बाजूला ठेवा. फक्त नाव! ह्लावसा तेव्हा सदतिशीचा होता. सतराव्या वर्षी बँड काढला, त्यातली बहुतेक सगळी वर्षं कोठारांत आणि लग्नांत गेली. त्याला स्टेजवर, दिव्यांखाली, अनोळखी लोकांसमोर वाजवायचं होतं. बाकीच्यांतल्या काहींना ते मान्य नव्हतं : एवढं सोसलं ते याच नावासाठी, मग आता कशाला? जे पोलिसांना, तुरुंगाला, हद्दपारीला जमलं नाही ते या एका देकाराने झालं. १९८८ मध्ये बँड फुटला. ह्लावसा, यानीचेक आणि काबेश यांनी 'पुल्नोत्स' (म्हणजे 'मध्यरात्र') नावाने नवा बँड काढला आणि १९८९ मध्ये तो चक्क अमेरिकेचा दौरा करून आला. त्याच नोव्हेंबरात सरकार कोसळलं. अजून दीड वर्ष कळ काढली असती तर...

हे 'तर' लिहायला फार सोपं आहे. १९९४ साली आमच्या कॉलेजात आमचाही चौघांचा बँड होता. त्यातला एक, त्याचं नाव लिहीत नाही, तो स्वतः मराठीत गाणी करायचा. विचित्र असायची, पण आमची होती. गॅदरिंगला वाजवायचं म्हणून यादी दिली तर समितीने बोलावून सांगितलं की ही असली गाणी नकोत, हिंदी सिनेमातली म्हणा, आणि त्या केसाळ मुलाला जरा माणसात आणा. तुरुंग नव्हता, दंडुका नव्हता, कुत्री नव्हती. त्याने केस कापायला नाही म्हटलं. आम्ही तिघांनी एका रात्रीत दुसरा गिटारवाला पाहिला आणि सिनेमाची पाच गाणी वाजवली. टाळ्या पडल्या. तो मागच्या रांगेत उभा होता, तिसऱ्या गाण्याला निघून गेला. त्यानंतर त्याने वाजवलं नाही. निदान आमच्याबरोबर तरी नाही.

त्यामुळे ह्लावसाला नावं ठेवायची माझी लायकी नाही, आणि त्याच्या विरोधात जे राहिले त्यांच्या बाजूने बोलायची तर त्याहून नाही. एवढंच म्हणतो की ह्लावसाने निदान वीस वर्षं नाही म्हटलं होतं.

जानेवारी १९९७ मध्ये चार्टरला वीस वर्षं झाली तेव्हा प्रागच्या राजवाड्यात, हावेल राष्ट्राध्यक्ष असताना, प्लास्टिकवाले पुन्हा एकत्र वाजले, ब्राबेनेत्ससकट आणि मूळ नावाने. सप्टेंबर १९९८ मध्ये क्लिंटननी हावेलला व्हाइट हाउसमध्ये मेजवानी दिली तेव्हा तिथे लू रीड वाजवायला होता आणि त्याच्या शेजारी बेस घेऊन मिलान ह्लावसा. तीस वर्षांपूर्वी हा माणूस प्रागमध्ये याच लू रीडची गाणी जमेल तशी वाजवत होता! परवाना मात्र त्याचा कधीच काढून घेतला गेला होता.

ह्लावसा ५ जानेवारी २००१ ला कर्करोगाने गेला, पन्नाशीही पुरी झाली नव्हती. म्हणजे मी प्रागला पोचलो त्याच्या पाच वर्षं आधी. त्याच्यानंतर बेस एवा तुर्नोवाने धरला आणि बँड चालू राहिला. यिरोउस नोव्हेंबर २०११ मध्ये गेला, हावेल त्याच्यानंतर महिन्याभराने, डिसेंबरात. हावेलच्या निरोपाच्या दिवशी संध्याकाळी लुसेर्नाच्या सभागृहात प्लास्टिकवाले वाजले.

माळा अजून आवरायचा आहे. घरात आता सीडी वाजवायला काही नाही, म्हणून मुलीने ती गाणी फोनवर शोधून लावली. पहिल्या मिनिटालाच म्हणाली, "बाबा, हे बिघडलंय का?" मी म्हटलं, थांब जरा. ती तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबली, मग तिचा क्लास होता.

रात्री ती लिंक मी त्या मित्राला पाठवली. आम्ही वाढदिवसापुरते संपर्कात असतो. सोबत काही लिहिलं नाही, काय लिहायचं ते सुचेना. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, "बेस चांगला आहे. कोण वाजवतंय?"